खबऱ्याला रिवॉर्ड, शेतकऱ्याला अवॉर्ड

क्रेडिट कार्डावर खरेदी केली की ‘रिवॉर्ड पॉइंट’ जमतात. ‘अवॉर्ड पॉइंट’ नव्हे. तरीही स्नेहसंमेलनांच्या पत्रिकांत हे दोन शब्द खुशाल एकमेकांच्या खुर्चीत बसतात.

अवॉर्डच्या मुळाशी निर्णय आहे. कुणीतरी तपासून, तोलून ठरवायचं. भूसंपादनात जमीन गेलेल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. मोबदला ठरवणाऱ्या ज्या कागदासाठी तो हेलपाटे घालतो, त्याला मराठीत निवाडा म्हणतात आणि इंग्रजीत चक्क अवॉर्ड. गौरवाचा त्यात लवलेश नसतो!

रिवॉर्ड म्हणजे कामाची परतफेड. प्राप्तिकर खात्याने २०१८ मध्ये योजना आणल्या: बेनामी मालमत्तेची खबर देणाऱ्याला १ कोटी रुपयांपर्यंत, परदेशातल्या काळ्या पैशाची खबर देणाऱ्याला ५ कोटींपर्यंत बक्षीस. भारतरत्नाबरोबर मात्र एक रुपयाही मिळत नाही. सनद आणि पदक, बस्स.

मराठीने हा फरक नेमका पकडला आहे. पुरस्कार म्हणजे शब्दशः पुढे करणं, चारचौघांसमोर आणणं. खबऱ्याचं तसं करून कसं चालेल? त्याचं नाव तर खातं गुप्त ठेवतं.