बजेटची कात्री आणि ड्रायव्हरची सीट



जागतिक रॅली स्पर्धेत मोटार बंद मैदानात फेऱ्या मारत नाही. ती घाटातून, जंगलातल्या खडीवरून, बर्फावरून धावते. ड्रायव्हरशेजारी सहचालक बसतो आणि पुढचे वळण कसे आहे ते वहीतून मोठ्याने वाचून सांगतो. एकमेकांना सिग्नल पुकारून सांगणाऱ्या आपल्या लोको पायलट व सहायकांना ही जोडी परकी वाटू नये. १९७३ पासून चालू असलेल्या या स्पर्धेत वरच्या वर्गाच्या पक्क्या जागा मात्र अगदी मोजक्या आहेत.

या जागा सर्वांत वेगवान माणसाला मिळतात, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात निवडीच्या आधी हिशेबनीस बोलतो.

डिसेंबर २००८ मध्ये जागतिक मंदीचे कारण देऊन सुझुकी आणि सुबारू या दोन जपानी कंपन्या पाठोपाठ स्पर्धेतून बाहेर पडल्या. सुबारूचे ड्रायव्हर पीटर सोलबर्ग हे २००३ चे जगज्जेते. त्यांना २००९ मध्ये स्वतःचा संघ उभा करून जुन्या सिट्रोएन गाडीवर स्पर्धेत उतरावे लागले. जगज्जेत्याची ही स्थिती, तर नवख्याची काय असेल!

आयर्लंडचे क्रेग ब्रीन यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. २०१८ मध्ये सिट्रोएनतर्फे ते स्वीडनच्या रॅलीत दुसरे आले. पुढच्या वर्षासाठी सिट्रोएनने सेबास्टियन ओजिए यांना आणले आणि गाड्या दोनच ठेवल्या. दुसरी गाडी एसापेक्का लाप्पी यांना मिळाली. ब्रीन यांना जागा उरली नाही. नऊ वेळा जगज्जेते ठरलेले सेबास्टियन लोब यांनाही या संघात गाडी मिळाली नाही. ते सहा रॅलींच्या करारावर ह्युंदाईकडे गेले. ब्रीन यांना २०१९ मध्ये ह्युंदाईकडून दोन रॅली मिळाल्या. २०२१ मध्ये पाच मिळाल्या आणि त्यांपैकी तीनमध्ये ते पहिल्या तिघांत आले. तरीही ती गाडी त्यांना दानी सोर्दो यांच्याशी वाटून घ्यावी लागत होती. पूर्ण हंगाम मिळाला तो २०२२ मध्ये, फोर्डच्या गाड्या चालवणाऱ्या एम-स्पोर्टकडे, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. पुढच्याच वर्षी ते पुन्हा अर्धवेळ झाले. १३ एप्रिल २०२३ रोजी क्रोएशियात सरावादरम्यान अपघातात त्यांचे निधन झाले.

तिसऱ्या गाडीवरच कात्री का चालते, हे समजून घेतले पाहिजे. संघाच्या तीन गाड्यांपैकी उत्तम दोघींचेच गुण कंपनीच्या खात्यात धरले जात. म्हणून तिसरी गाडी हिशेबात 'जादा' ठरते. ती रद्द होते किंवा वाटून दिली जाते. वाटून मिळालेल्या गाडीवर माणूस चार महिन्यांनी बसतो, सरावाविना धावतो, आणि मग त्याच निकालावर त्याची योग्यता ठरते. बदली कामगाराची ही व्यथा आपल्याला सांगायला नको. ड्रायव्हरबरोबर सहचालकही जातो. मे २०१८ मध्ये अनेक अपघातांचे कारण देऊन सिट्रोएनने क्रिस मीक यांना काढले, तेव्हा शेजारी बसणारे पॉल नेगल यांचीही जागा गेली.

संघचालकांची बाजूही ऐकली पाहिजे. एम-स्पोर्ट हा इंग्लंडच्या कंब्रियातील खासगी संघ. २०१७ मध्ये त्याने ड्रायव्हर व संघ ही दोन्ही विजेतेपदे मिळवली, पण कंपन्यांच्या तिजोरीशी त्याला बरोबरी करता येत नाही. त्याने फुर्मो यांना घडवले. २०२५ साठी ह्युंदाईने त्यांना नेले. अशा संघाला तरुणांवर आणि बाहेरून येणाऱ्या मदतीवर भिस्त ठेवावी लागते. २०२४ मध्ये लॅटव्हियाचे मार्टिन्श सेस्क्स यांना स्पर्धेच्या प्रवर्तकांच्या साहाय्याने दोन रॅली मिळाल्या. मायदेशी ते तिसऱ्या स्थानावर असताना अखेरच्या टप्प्यात गाडीने दगा दिला आणि ते सातवे आले. गुणवत्ता दिसली, कारण कोणीतरी पैसे घातले. ज्यांच्यासाठी कोणी पैसे घातले नाहीत, त्यांची नावे आपल्याला कधी कळणारच नाहीत.

२०२७ पासूनच्या नियमांत गाडीच्या किमतीवर ३,४५,००० युरोंची मर्यादा ठरवली आहे. दिशा योग्य आहे. काटकसर करायचीच तर ती आधी यंत्रात करावी, माणसात शेवटी. परंतु वाचलेला पैसा तिसऱ्या गाडीवर आणि पूर्ण हंगामाच्या करारावर खर्च झाला, तरच तिचा उपयोग. नाही तर गाडी स्वस्त होईल आणि सीट मात्र खिसा भरलेल्याचीच राहील.

पैसा कमी आहे म्हणून कोणाला घ्यायचे हे ठरवणे ही अडचण समजू शकते. पण पुरेशी संधी न देता "हा कमी पडला" असा शेरा मारणे हा अन्याय आहे. तो मोटारीच्या खेळातही अन्यायच आहे.