रस्ता वाघाचा, घाई आपली

मे महिन्यातली सकाळ. विदर्भातल्या एका व्याघ्रप्रकल्पात आमची जिप्सी दोन तास फिरत होती. गवे दिसले, मोर दिसले, रानकुत्र्यांची टोळीही दिसली. पण गाडीतला एकही चेहरा खुलला नाही. शेवटी मीच गाईडला म्हटले, ‘‘अहो, एवढे पैसे भरून आलोय, वाघाचं काय?’’ तो ओशाळून हसला. थोड्याच वेळात समोरून आलेल्या गाडीच्या चालकाने खूण केली आणि आम्ही धुरळा उडवत सुटलो. पाणवठ्यापाशी आधीच दहा-बारा गाड्या लागल्या होत्या. रस्त्याच्या अलीकडे वाघीण, पलीकडे पाणी आणि मध्ये आम्ही सारे. तिने दोनदा पाऊल पुढे टाकले, दोनदा मागे घेतले आणि पाणी न पिताच ती बांबूत शिरली. फोटो छान आले. परतताना मी खूश होऊन गाईडच्या हातावर पाचशेची नोट ठेवली.

त्या नोटेचा हिशेब मला पुढे लागला. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. चित्रफीत घरोघर पोचली. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. चालक आणि गाईडवर कारवाई झाली. ती व्हायलाच हवी होती. पण चालक काही रिकामी गाडी घेऊन स्वतःच्या हौसेने तिथे गेले नव्हते. मागच्या बाकांवर आपल्यासारखीच माणसे बसली होती.

नियम नाहीत असे नाही. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने २०१२ मध्येच ते घालून दिले आहेत. प्राण्यापासून किमान २० मीटर आणि दोन गाड्यांमध्ये ५० मीटर अंतर राखायचे. प्राण्याला घेरायचे नाही, आमिष दाखवायचे नाही. तरीही ते मोडतात, कारण गाईड हा बहुधा जवळच्या गावातला तरुण असतो. त्याचे फेरीचे मानधन ठरलेले. वरची बक्षिशी मात्र वाघावर अवलंबून. वाघ दिसला की नोट, नाही दिसला तर तक्रार. नियम पाळणाऱ्याला तोटा आणि मोडणाऱ्याला बक्षीस, ही रीत आपणच पाडली आहे.

एवढ्याने जंगलाचे काय बिघडते, असे कोणी विचारील. वाघाच्या बऱ्याचशा झडपा वाया जातात. हरणाच्या मागावर असताना गाडी आडवी आली, तर तो दिवस उपाशी जाऊ शकतो. बछडी दीड-दोन वर्षे आईच्या आधाराने जगतात. ती उधळली, चुकली तर तिने शोधायचे कुठे? २०२४ मध्येच ताडोब्याच्या निमढेला बफर भागातल्या एका वाघाने पाणवठ्यातली प्लास्टिकची बाटली तोंडात धरून नेलेली साऱ्या देशाने पाहिली. ती बाटली वाघाने विकत आणली नव्हती.

मग पर्यटनच बंद करावे का? जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाभा क्षेत्रातले पर्यटन तात्पुरते थांबवले होते. ऑक्टोबरमध्ये ते अटींसह पुन्हा सुरू झाले. मला ते योग्य वाटते. महाराष्ट्रात २००६ च्या गणनेत १०३ वाघ होते, २०२२ मध्ये ४४४ झाले. या वाघांच्या शेजारी राहण्याची किंमत मोहफुले आणि तेंदूपत्ता वेचणारी गावे मोजतात, कधी जिवानिशी. जिवंत वाघापासून त्यांना चार पैसे मिळावेत, हे न्यायाचेच आहे. प्रश्न पैशांचा नाही. ते आपण कशासाठी देतो, याचा आहे.

गेल्या हिवाळ्यात नातीला घेऊन पुन्हा गेलो. प्रवेशद्वारापाशीच गाईडला सांगितले, ‘‘दादा, वाघ नाही दिसला तरी चालेल. गर्दी असेल तिथे नेऊ नका. तुमचं जंगल दाखवा.’’ बक्षिशीही तिथेच दिली. त्याने आधी माझ्याकडे संशयाने पाहिले. मग एका वळणावर त्याने गाडी बंद करायला लावली आणि बोट ओठांवर ठेवले. दूरवर चितळ ओरडले, पाठोपाठ भेकर. ‘‘तो चाललाय,’’ गाईड नातीच्या कानाशी कुजबुजला, ‘‘आवाज कुठून कुठे सरकतोय, ऐक.’’ ती श्वास रोखून ऐकत राहिली. वाघ दिसला नाही. घरी आल्यावर मात्र तिने आजीला तो कोणत्या वाटेने गेला, ते बोटाने हवेत आखून दाखवले.