शेतात मोकळा, घाण्यावर गुन्हेगार



रब्बीच्या ज्वारीभोवती करडईचे चार तास पेरायची आपली जुनी रीत. काट्यामुळे जनावर आत शिरत नाही आणि घरच्या तेलाची सोय होते. ही करडई पोत्यात भरून अडत्याकडे टाकली तर अन्नाचा कायदा तुम्हाला काही विचारत नाही. तीच गावच्या घाण्यावर गाळून तेल बाजारात मांडले, की त्या क्षणी तुम्ही शेतकरी राहत नाही. सरकारच्या भाषेत तुम्ही 'अन्न व्यावसायिक' होता, आणि आठवड्याच्या बाजारात पिपातून तेल मोजून दिलेत तर गुन्हेगारही.

२००६ साली संसदेने अन्नसुरक्षा व मानके कायदा मंजूर केला. ५ ऑगस्ट २०११ पासून तो देशभर लागू झाला आणि १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा मोडीत निघाला. जुन्या कायद्याबद्दल आम्हाला गहिवर नाही. त्यात तर खेड्यातला किराणावाला आणि मोठा कारखानदार यांना एकाच मापाने सहा महिन्यांची कैद ठरलेली होती. नव्या कायद्यात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. कलम १८(३) म्हणते की शेतकरी, त्याची शेती, त्याचे पीक आणि शेताच्या पातळीवर त्याने पिकवलेला माल यांना हा कायदा लागू नाही. हे कलम प्रत्येकाने कागदावर उतरवून खिशात ठेवावे.

पण ही सवलत कुठे संपते तेही नीट बघा. माल कच्चा आहे तोवर तुम्ही मोकळे. दळला, गाळला, तळला, पाकिटात भरला की अडकलात. म्हणजे ज्या टप्प्यावर चार पैसे जास्त मिळण्याची शक्यता सुरू होते, नेमके तिथेच दार लागते.

खुल्या तेलावरच्या बंदीची कथा दिल्लीची आहे. १९९८ च्या ऑगस्टमध्ये तिथे मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याचे तेल मिसळले गेले. पाय सुजून हजारो माणसे आजारी पडली, साठाहून अधिक दगावली. हा भयंकर अपराध होता. भेसळ करणाऱ्याला फासावर द्या, आमची हरकत नाही. सरकारने मात्र त्याच वर्षी आदेश काढून खाद्यतेल सीलबंद डब्यातच विकले पाहिजे असे ठरवले, आणि पुढे २०११ च्या नियमांतही खुल्या तेलावरची बंदी कायम राहिली.

आता धोतऱ्याचे बी तुमच्या-आमच्या बांधावर पडलेले असते. ते काळे, बारीक, मोहरीसारखे. करडई पांढरी आणि टपोरी. दोन्हींची गल्लत आंधळासुद्धा करणार नाही, हाताने चाचपून सांगेल. तरी मोहरीच्या पापाची शिक्षा करडईच्या घाण्याला. शिवाय सील डब्याला लागते ते तेल भरल्यावर. आत काय भरले हे सील सांगत नाही. घाण्यावर गिऱ्हाईक स्वतः उभे असते, बी बघते, पेंड बघते, वास घेते.

करडई कमी झाली त्याचा सगळा दोष आम्ही या नियमाला देत नाही. १९९४ साली पामोलिनची आयात खुली झाली आणि आज देश गरजेच्या निम्म्याहून जास्त तेल बाहेरून आणतो. कायद्याने घाण्याचा गळा कापला असे नाही. तो आधीच धापा टाकत होता, त्याच्या छातीवर आणखी एक दगड ठेवला.

पापड, कारळ्याची चटणी, ज्वारीचे पोहे करणाऱ्या बायांचेही तेच. २०११ च्या नियमांत वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना परवाना नव्हे, फक्त नोंदणी आणि शंभर रुपये फी ठरवली होती. शंभर रुपये कुणाला जड नाहीत. जड आहे ते पुढचे: तालुक्याच्या खेपा, बुडलेल्या मजुऱ्या, आणि पाकिटावर घटक, वजन, तारीख, नोंदणी क्रमांक छापणे. छापखाना शे-दोनशे पाकिटांसाठी मशीन चालू करत नाही. कारखान्याला हा खर्च लाखो पाकिटांत विरघळतो, बायांना दर पाकिटावर दिसतो.

तरी नोंदणी करून घ्या, असेच आम्ही सांगू. अडाणी राहून दंड भरण्यात शौर्य नाही. निरीक्षक आला तर घाबरू नका. नमुना नेला तर त्याची बाजारभावाने किंमत देणे त्याला कायद्याने बंधनकारक आहे, ती मागा. नमुन्याचे चार भाग होतात. त्यातला एक मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासा असे तुम्ही लेखी मागू शकता. अहवाल विरुद्ध आला तर तीस दिवसांत अपील करता येते. सुधारणेची नोटीस दिली तर किमान चौदा दिवसांची मुदत द्यावी लागते.

राहिली मागणी. खुल्या तेलाच्या बंदीतून एखाद्या तेलाला कारणे नोंदवून सूट देण्याचा अधिकार त्याच नियमांनी राज्य सरकारला दिला आहे. त्यासाठी दिल्लीला जायला नको, मुंबईत राजपत्रात एक अधिसूचना काढली की झाले. गावच्या घाण्यावर गाळलेले करडईचे, जवसाचे, तिळाचे तेल गावात आणि आठवड्याच्या बाजारात खुले विकू द्या, एवढेच मागायचे आहे. जिल्हा बैठकीला येताना आपल्या गावात चालू असलेले आणि बंद पडलेले घाणे, बंद पडल्याचे साल आणि कारण लिहून आणा. घाणेवाल्याला बरोबर आणता आले तर फारच चांगले.