मूल्यांची यादी आणि निर्णयाचे शिक्षण

नैतिक निर्णय कसा घ्यावा याची तर्कशुद्ध चौकट विद्यार्थ्यांना लहानपणापासून द्यावी, असे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये म्हटले आहे. पुढच्या इयत्तांत फसवणूक, हिंसा, सहिष्णुता, समानता अशा विषयांवर अनेक बाजूंनी विचार करून स्वतःची भूमिका मांडता यावी, हेही त्यात अपेक्षित आहे. महाराष्ट्रातील बहुतेक माध्यमिक शाळांत मात्र नैतिक शिक्षण परिपाठात उरकले जाते. प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, एक बोधकथा, की पहिल्या तासाची घंटा होते. वक्तशीरपणा, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, सौजन्यशीलता अशा दहा मूल्यांची यादी शिक्षकांना तोंडपाठ असते. त्यांतली दोन मूल्ये एकमेकांच्या आड आली तर काय करायचे, हे ती यादी सांगत नाही, आणि खरी अडचण नेमकी तिथेच येते. म्हणून आठवी ते दहावीच्या वेळापत्रकात निर्णयाच्या शिक्षणाला स्वतंत्र तास हवा. या मागणीवर घेतले जाणारे आक्षेप जुने आहेत आणि सगळेच पोकळ नाहीत.

नीती शिकवून येत नाही, संस्कार घरातच व्हावे लागतात, हा पहिला आक्षेप. त्याला संशोधनाचा आधारही दिला जातो. ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे या अमेरिकी संशोधकांनी १९२०च्या दशकात हजारो शाळकरी मुलांची पाहणी केली. परीक्षेत, खेळात आणि घरच्या अभ्यासात फसवणुकीची संधी ठेवून कोण काय करते, ते त्यांनी तपासले. काय बरोबर हे मुलांना ठाऊक असणे आणि त्यांनी तसे वागणे यांचा मेळ फारच सैल निघाला. या निष्कर्षाने उपदेशाच्या तासावर पाणी पडते, हे मान्य करायला हवे. पण त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट आक्षेप घेणारे सोडून देतात. एकाच मुलाने एका ठिकाणी लबाडी केली होती आणि दुसऱ्या ठिकाणी तो सचोटीने वागला होता. वागणे प्रसंगानुसार इतके बदलत असेल, तर प्रसंग वाचायला शिकवणे हेच शाळेचे काम ठरते. घर हे काम एकट्याने करू शकत नाही. पुष्कळदा पेच घरातलाच असतो.

या वयात असा विचार झेपत नाही, हा दुसरा आक्षेप. मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहलबर्ग यांनी १९५०च्या दशकात शिकागोतील दहा ते सोळा वर्षांच्या मुलांपुढे नैतिक पेच ठेवले आणि त्यांची कारणमीमांसा नोंदवली. त्यांचे सहकारी मोशे ब्लॅट यांनी पुढे वर्गात अशा पेचांवर नियमित चर्चा घेतली, तेव्हा बऱ्याच मुलांच्या विचाराची पातळी वाढलेली दिसली. कॅरोल गिलिगन यांनी १९८२मध्ये या मांडणीवर टीका केली. न्याय आणि हक्क यांच्या तराजूत नात्यांची, काळजीची, जबाबदारीची भाषा हलकी ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. ही टीका शिक्षकाच्या कामाची आहे. दूरच्या काल्पनिक माणसाचा पेच मुले कोड्यासारखा सोडवतात, ओळखीच्या नात्यातला पेच त्यांना आतून हलवतो. चांगला विचार करणारा चांगला वागतोच असे नाही, हेही खरे. तरीही विचार न करता घेतलेला निर्णय अधिक बरा ठरतो, असे कोणी दाखवून दिलेले नाही.

मराठवाड्यातल्या एखाद्या नववीच्या वर्गापुढे ठेवता येईल असा एक पेच पाहू. एका मुलीचे लग्न ठरले आहे. तिने ते फक्त मैत्रिणीला सांगितले आणि कुणाला न सांगण्याची शपथ घातली. आईवडील ऊसतोडीला जाणारे, मुकादमाकडून उचल घेतलेली. दिवाळीच्या सुमारास ते फडावर निघाले की वयात आलेली मुलगी कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही त्यांची काळजी खरी आहे. लग्न झाले की नवराबायकोचा नवा कोयता, म्हणजे ऊसतोडीची जोडी, उभा राहतो, हा हिशेबही त्या घरांत होतो. मैत्रिणीने काय करावे?

शपथ मोडायची नाही, असे अर्धा वर्ग लगेच सांगेल. पोलिसांना कळवा, असे उरलेला अर्धा. शिक्षकाचे काम इथून सुरू होते. आपल्याला नक्की काय माहीत आहे? मुलीला स्वतःला काय हवे आहे, हे कुणी विचारले का? शपथ पाळली तर कुणाचे काय जाईल, मोडली तर कुणाचे? गप्प राहणे आणि पोलीस यांच्यामध्ये आणखी कोण आहे? वर्गशिक्षिका, समजूतदार मामा किंवा आजी, अंगणवाडी सेविका, बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून जबाबदारी असलेला ग्रामसेवक, मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा क्रमांक. लग्न थांबले तर हंगामभर ती राहणार कुठे, हंगामी वसतिगृहात की नातेवाइकांकडे? मुलीच्या लग्नाचे कायदेशीर वय अठरा आहे, हे सगळ्या वर्गाला ठाऊक असते. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. नियम ठाऊक असूनही कुणी तोंड उघडले नाही, अशी कितीतरी लग्ने या आकड्यात असणार.

वर्गात अशी चर्चा सुरू केली की मुलांना सगळेच सारखे वाटू लागते, किंवा शिक्षक आपलीच मते त्यांच्या गळी उतरवतो, हा तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. दोन्ही धोके खरे आहेत. पण संविधानाने आणि कायद्याने काही प्रश्न मिटवून टाकले आहेत. अस्पृश्यता पाळावी की नाही, हुंडा घ्यावा की नाही, यावर दोन बाजू मांडण्याचे कारण नाही, आणि शिक्षकाने ते स्पष्ट सांगावे. चर्चा व्हावी ती खऱ्याखुऱ्या खुल्या प्रश्नांवर. तिची रीतही आपल्या वादविवाद स्पर्धांपेक्षा वेगळी हवी. तिथे चिठ्ठीत आलेली बाजू मुलगा जिवाच्या आकांताने लढवतो आणि मत बदलणे म्हणजे हार असते. अमेरिकेत रॉबर्ट लॅडेन्सन यांनी १९९३मध्ये सुरू केलेल्या ‘एथिक्स बाउल’मध्ये दोन संघांनी विरुद्धच भूमिका घ्यावी असा नियम नाही. दुसऱ्याचे म्हणणे किती नीट ऐकले, कोणती अडचण प्रामाणिकपणे मान्य केली, याला तिथे गुण मिळतात. हायस्कूलच्या मुलांसाठीही आता ही स्पर्धा होते. वर्गात शिक्षकाने आपले मत शेवटी सांगावे आणि त्यावरही प्रश्न घ्यावेत.

दहावीच्या अभ्यासक्रमातून वेळ कुठून काढायचा, या आक्षेपाला फार वेळ द्यायला नको. पंधरवड्याला एक तास पुरतो. या विषयाची लेखी परीक्षा मात्र कदापि घेऊ नये. गुण आले की मुले मास्तरांना आवडेल ते उत्तर लिहितील आणि त्याची गाइडे बाजारात येतील. विद्यार्थ्याने चर्चेपूर्वी आणि चर्चेनंतर आपला निर्णय कारणांसह वहीत लिहावा, एवढी नोंद पुरे.

खरी उणीव आहे ती शिक्षकांच्या तयारीची. बीड जिल्ह्यात २००९मध्ये सुरू झालेल्या ‘मूल्यवर्धन’ उपक्रमात प्राथमिक शिक्षकांना गटचर्चा आणि कृती यांतून मूल्यशिक्षण कसे द्यावे याचे प्रशिक्षण मिळाले. तशी तयारी माध्यमिकच्या शिक्षकांची करून घेतली पाहिजे, आणि त्यात एक गोष्ट वगळून चालणार नाही. वर्गात मांडलेला पेच त्याच वर्गातल्या कुणाचा तरी खराच असू शकतो. म्हणून प्रसंग निनावी ठेवावा, कुणाकडे रोख जाऊ देऊ नये. तास संपल्यावर एखादी मुलगी घुटमळत मागे राहिली, तर तिचे म्हणणे कुठे बसून ऐकायचे, मुख्याध्यापकांना कधी सांगायचे आणि पुढचा फोन कुणी करायचा, हे शाळेने तो तास सुरू करण्याआधीच ठरवलेले असावे.