न दिसणें आणि नसणें

गेल्या माघांतली गोष्ट. आमची अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, वय वर्षें एकाहत्तर, पहांटे न्हाणीघराच्या पायरीवरून घसरली आणि तिची डावी कूस दगडी कट्ट्यावर आदळली. पडल्यावर ती उठली, तिनें चहा केला, आणि "मला कांहीं झालेलें नाहीं" असें म्हणत ती दुपारपर्यंत घरांत वावरली. दुपारीं तिच्या डाव्या खांद्यांत कळ येऊं लागली व चेहरा पांढरा पडला, तेव्हां तिला इस्पितळांत नेलें.

तेथें अपघात-विभागांत एक तरुण डॉक्टर होता. वागण्यांत नम्र, हाताचा चपळ. त्यानें सोनोग्राफीचें एक लहानसें यंत्र पलंगापाशींच आणलें, जेल लावून चार ठिकाणीं प्रोब टेकविला आणि पांच मिनिटांत सांगितलें, "आजी, पोटांत कांहीं नाहीं." आमच्या जिवांत जीव आला. मीं तर तसें घरीं फोनवर कळवूनहि टाकलें.

अर्ध्या तासानें त्या विभागाच्या प्रमुख बाई आल्या. योगायोग असा कीं, त्या माझ्याच शाळेंतल्या. तीन वर्षें माझ्याकडे संस्कृत शिकलेल्या. मला पाहून त्या हंसल्या, परंतु लगेच अक्काच्या नाडीवर हात ठेवून त्यांनीं त्या तरुणास विचारलें,

"डावीकडे तुला काय दिसलें?"

"कांहीं नाहीं, मॅडम."

"कांहीं दिसलें नाहीं, कीं कांहीं नाहीं असें दिसलें?"

तो गप्प राहिला. मग बाईंनीं त्याच्याच हातावर आपला हात ठेवून प्रोब मागें सरकविला, इतका मागें कीं त्याच्या बोटांचीं पेरें गादीला टेकलीं, आणि अक्काला दीर्घ श्वास घ्यावयास सांगितलें. पडद्यावर पाणथरी, म्हणजे प्लीहा, उमटली आणि तिच्या वर, छाती व पोट यांमधील पडद्याच्या खालीं, एक बारीक काळी रेघ दिसली. तें रक्त होतें. सी. टी. स्कॅनमध्यें पाणथरीस लहानशी चीर असल्याचें ठरलें. शस्त्रक्रिया करावी लागली नाहीं. परंतु पांच दिवस अक्काला अतिदक्षता विभागांत डोळ्यांत तेल घालून जपावें लागलें. तशीच घरीं आणली असती तर काय झालें असतें, याचा विचार मी करीत नाहीं.

त्या तरुणाचा राग आला नाहीं असें म्हटलें तर तें खोटें होईल. पण बाईंनीं केलेला प्रश्न मनांत घोळूं लागला तसा तो राग ओसरला. कारण हा प्रश्न आपल्या शास्त्रकारांना फार जुना आहे. उजेडांतल्या जमिनीवर घट दिसला नाहीं, तर घट नाहीं असें खुशाल म्हणावें. अंधाऱ्या कोठडींत घट दिसला नाहीं, तर त्यावरून कांहींच म्हणतां येत नाहीं. असता तर खात्रीनें दिसला असता, अशी परिस्थिति असेल तेव्हांच न दिसण्यावरून नसणें सिद्ध होतें. यालाच योग्यानुपलब्धि म्हणतात. त्या तरुणानें अंधाऱ्या कोठडींत पाहिलें आणि घट नाहीं असें सांगितलें, एवढीच त्याची चूक.

ही कोठडी अंधारी कां होते, तें थोडक्यांत सांगतों. मनुष्याच्या कानास सेकंदाला सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनि ऐकूं येतो. या यंत्राचा ध्वनि सेकंदास २० लक्षांपासून १५० लक्षांपर्यंत कंपनांचा असतो. तो शरीरांत शिरतो, निरनिराळ्या थरांवर आपटून परत येतो, आणि परतण्यास लागलेल्या वेळावरून यंत्र खोलीचा हिशेब करून चित्र काढतें. मोकळ्या द्रवांतून प्रतिध्वनि येत नाहीं, म्हणून तो काळा दिसतो. हाड ध्वनीस अडवितें व त्यामागें छाया पडते. वायु तर त्याला जवळजवळ सगळाच परतवून लावतो. कातडी व प्रोब यांमधली हवा घालविण्यासाठींच जेल लावावें लागतें. डाव्या कुशींत वर बरगड्या आणि पुढें वायूनें भरलेलें जठर व आंतडें; म्हणून तेथें प्रोब बराच वर व मागें धरावा लागतो. पुस्तकांत हें एका ओळींत आहे. हाताला कळावयास महिने लागतात.

अक्का बरी होत असतां बाईंनीं मला त्यांच्या शिकवणीच्या खोलींत बसूं दिलें. नवे डॉक्टर प्रथम एकमेकांच्याच पोटावर प्रोब फिरवीत होते. निरोगी शरीर कसें दिसतें हें अंगवळणीं पडल्याशिवाय रोगी शरीर ओळखूं येत नाहीं. पुढें रुग्णांवरील तपासण्या जाणत्याच्या देखरेखीखालीं करावयाच्या, प्रत्येक चित्र जपून ठेवावयाचें, आणि शेवटीं सी. टी. मध्यें किंवा शस्त्रक्रियेंत काय निघालें त्याच्याशीं तें ताडून पाहावयाचें. अमेरिकन कॉलेज ऑफ इमर्जन्सी फिजिशियन्स या संस्थेच्या मार्गदर्शक नियमांत प्रत्येक प्रकारच्या तपासणीसाठीं अशा २५ ते ५० तपासण्या सांगितल्या आहेत. तिकडील साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या वैद्यक शाळेंत तर २००६ सालापासून ही विद्या पहिल्या वर्षापासूनच अभ्यासक्रमांत गुंफली आहे.

ताडून पाहण्याची ही रीत नवी नव्हे. लाएनेकनें १८१६ सालीं पॅरिसमध्यें कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीस लावली व त्यांतून स्टेथॉस्कोप निघाला, हें आपण शाळेंत वाचतों. पण त्याचें खरें मोठेपण सुरळींत नाहीं. जिवंतपणीं जो आवाज ऐकला त्याचा अर्थ त्यानें मरणोत्तर तपासणींत पडताळून पाहिला, आणि १८१९ सालीं ग्रंथ लिहून तो अर्थ इतरांच्या हातीं दिला. ग्लासगोचे इयन डोनाल्ड यांनीं सहकाऱ्यांसह १९५८ सालीं 'लॅन्सेट'मध्यें पोटांतील गांठींचीं ध्वनिचित्रें प्रसिद्ध केलीं, तेव्हांचीं यंत्रें अवजड होतीं. आज तें यंत्र डॉक्टरच्या खिशांत मावतें. यंत्र लहान झालें. शिकण्याचा काळ मात्र तेवढा आखूड झालेला नाहीं.

चित्र स्पष्ट दिसलें म्हणजे अर्थ स्पष्ट झाला, असेंहि नाहीं. फुप्फुसावर प्रोब धरला असतां कधीं कधीं वरून खालीं जाणाऱ्या उजळ रेषा दिसतात. पॅरिसचे डॉक्टर लिश्टेनस्टाइन यांनीं फुप्फुसाची ही तपासणी पद्धतशीर केली. या रेषा म्हणजे पाणी नव्हे. त्या पाण्याचें लिंग आहेत, जसा धूर हें अग्नीचें. हृदय दुबळें होऊन फुप्फुसांत पाणी भरलें म्हणजे त्या उमटतात. पण न्यूमोनियांतहि उमटतात, आणि फुप्फुस जून, चिवट झालें तरीहि उमटतात. 'तर्कसंग्रह' वाचलेल्या वाचकांस सव्यभिचार हेतु आठवेल. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, पण धूर नसतो. म्हणून अग्नि पाहून धुराचें अनुमान करूं नये. तसेंच नुसत्या रेषा पाहून हृदयाचें औषध देऊं नये. ताप, नाडी, पायांवरची सूज, रुग्णाची हकीकत हीं सर्व जोडीला घ्यावीं.

बाईंच्या वर्गांतला एक नियम मला विशेष वाटला. प्रोब लावण्यापूर्वीं विद्यार्थ्यानें वहींत एक ओळीचा प्रश्न लिहावयाचा: "पोटांत मोकळा द्रव आहे काय?" उत्तरें तीनच: आहे, नाहीं, सांगतां येत नाहीं. "सर, तिसरें उत्तर लिहावयास मुलें फार कचरतात," बाई म्हणाल्या. मीं मान खालीं घातली. चौतीस वर्षें मीं उत्तरपत्रिका तपासल्या. 'येत नाहीं' असें प्रामाणिकपणें लिहिणाऱ्यास मीं शून्य दिलें, आणि कांहींतरी ठोकून देणाऱ्यास चार ओळींबद्दल अर्धा गुण. बाईंना संस्कृत शिकविलें तेव्हां योग्यानुपलब्धीचें नांवहि काढलें नव्हतें. तें परीक्षेला नव्हतें. जें मीं शिकवावयाचें राहिलें, तें त्या आतां लोकांच्या मुलांना शिकवीत आहेत.

आपल्या देशांत या विद्येला आणखी एक शिस्त लागते, ती म्हणजे दिसलें तरी न सांगण्याची. याच यंत्रानें गर्भाचें लिंग ओळखून कन्यांचे गर्भ पाडले गेले. महाराष्ट्रानें १९८८ सालीं व केंद्रानें १९९४ सालीं त्याविरुद्ध कायदा केला. तरी सहा वर्षांपर्यंतच्या वयांत दर हजार मुलग्यांमागें मुलींची संख्या महाराष्ट्रांत १९९१ सालीं ९४६, २००१ सालीं ९१३ आणि २०११ सालीं ८९४ अशी उतरत गेली. त्यामुळें यंत्राची नोंदणी करावी लागते, हलतें यंत्र कोठें वापरावें यालाहि नियम आहेत, आणि गर्भाचें लिंग शब्दानें किंवा खुणेनेंहि सांगणें हा गुन्हा आहे. या नियमांमुळें पलंगापाशीं यंत्र आणणें अवघड होतें, अशी तक्रार डॉक्टर करतात, व ती अगदींच खोटी नाहीं. पण वरचे आंकडे तुमच्या-आमच्यासारख्या शिकलेल्या घरांतूनहि उतरले आहेत. नियम सुटसुटीत व्हावेत असें ज्यांना वाटतें, त्यांनीं आधीं आपापल्या घरांत डोकावून पाहावें.

वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें-मुली, सुना-जांवई डॉक्टर आहेत. आणि रुग्ण होण्याची पाळी तर आपणां सर्वांवर येणारच. उद्यां कोणी तुमच्या पलंगापाशीं हें यंत्र घेऊन आला, तर "काय दिसलें?" एवढेंच विचारून थांबूं नका. "काय शोधीत होतां, आणि तें सगळें नीट दिसलें काय?" असें विचारा. नम्रपणें विचारलेत तर चांगल्या डॉक्टरास राग येणार नाहीं. आणि त्यानें "सांगतां येत नाहीं" म्हटलें, तर त्याला अज्ञ समजूं नका.

घरीं सोडण्याच्या दिवशीं तोच तरुण डॉक्टर पुन्हां यंत्र घेऊन आला. अक्का म्हणाली, "काय रे, आज तरी पोटांत कांहीं नाहीं ना?" त्यानें प्रोब पार मागें नेला, तिला श्वास घ्यावयास लावला, आणि बराच वेळ पाहत राहिला.

"आजी, पाणथरीभोंवतीं नीट दिसतें आहे, आणि तेथलें रक्त वाढलेलें नाहीं. पण ओटीपोटांत वायूमुळें मला स्पष्ट दिसलें नाहीं. तें मॅडमना दाखवितों."

"दाखव बाबा," अक्का म्हणाली. "मला घाई नाहीं."