बुलढाण्याला रेल्वे नाही

बुलढाण्याला रेल्वे नाही. जिल्ह्याचं ठिकाण असूनही नाही. पण म्हणून इथला माणूस मुंबईला जातच नाही, असं कुणाला वाटत असेल तर त्याने लग्नसराईत आमच्या बँकेतले रजेचे अर्ज येऊन पाहावेत. माणूस एस.टी.ने मलकापूर गाठतो, तिथे गाडी पकडतो आणि मुंबईला जातो. 'तुमचं गाव जुनं झालं, आता नवं घ्या' असा सल्ला त्याला आजवर कुणी दिलेला नाही.

यंत्रांच्या बाबतीत मात्र हा सल्ला फुकट मिळतो. आमच्या घरी वडिलांनी हौसेने घेतलेला 'डीबी स्पेक्ट्रम' आहे. इंग्लंडातल्या सिंक्लेअर कंपनीच्या झेडएक्स स्पेक्ट्रमचा हा पुणेरी अवतार. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन बनवलेला. स्मरणशक्ती ४८ किलोबाइट. प्रोग्रॅम कॅसेटवरून चढवायचा आणि टीव्हीवर पाहायचा. हा कॉम्प्युटर इंटरनेटला जोडायचा म्हणताच पुतण्या म्हणाला, "कायले हा खटाटोप, काका? भंगारवाल्याले देऊन टाका ना!" दुकानदार म्हणाला, "साहेब, याला नेट समजणारच नाही. फार जुना आहे."

जुना? मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. तारीख पाहिल्याशिवाय व्हाउचर पास करत नाही. इंटरनेटवर पत्ता कसा लिहायचा, मजकुराची पुडकी कशी पाठवायची, याचे नियम सप्टेंबर १९८१ मध्ये ठरले आणि जगाचा बराचसा कारभार आजही त्यांवरच चालतो. स्पेक्ट्रम बाजारात आला एप्रिल १९८२ मध्ये. म्हणजे नियमच सात महिन्यांनी थोरले! थोरल्याने धाकट्याला म्हातारा म्हणायचं, हा कुठला न्याय?

अडचण होती ती फक्त मलकापूरपर्यंतच्या एस.टी.ची. तीही मिळते. स्पेक्ट्रानेट नावाचं कार्ड यंत्राच्या पाठीमागे बसवायचं आणि त्यातून निघालेली तार राउटरला जोडायची. पुडकी बांधण्या-सोडण्याचं काम कार्डावरची चिप करते. स्पेक्ट्रमने नुसती अक्षरं घ्यायची आणि एका ओळीत ३२ या हिशेबाने पडद्यावर मांडायची. अक्षरं ओळखायला त्याला अजून चष्मा लागलेला नाही.

खरं अडतं ते पुढे. आजची बहुतेक संकेतस्थळं कुलूपबंद भाषेत बोलतात. त्या कुलपाचं गणित साडेतीन मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला झेपत नाही; मध्ये दुसरा कॉम्प्युटर दुभाषा म्हणून बसवावा लागतो. याबद्दल तक्रार नाही. पैशाच्या व्यवहाराला कुलूप हवंच. बँकेत राहून उलट बोललो तर माझीच चौकशी लागेल. पण उद्याचं तापमान सांगायला दोन ओळी पुरत असताना त्यांच्यासोबत जाहिराती आणि हलत्या चित्रांचं वऱ्हाड कशाला? ४८ किलोबाइटमध्ये या लेखासारखे पाच लेख मावतात. यंत्र अशक्त झालेलं नाही, पानं लठ्ठ झाली आहेत. आणि पथ्य सांगतात ते यंत्राला!

स्पेक्ट्रमपुरतीच गोष्ट असती तर मी गप्प बसलो असतो. पण काउंटरवर पेन्शनवाले आजोबा विचारतात, "साहेब, फोन तं चांगला हाय, मंग ॲप काहून नाही चालत?" फोनवर बोलणं होतं, बॅटरी टिकते, फक्त ॲप बनवणाऱ्याने जुन्या फोनांकडे पाहणं सोडलेलं असतं. सुरक्षेसाठी तसं करावं लागलं असेल तर आजोबांना तसं सांगा, आणि त्यांच्यासाठी पासबुकाची खिडकी उघडी ठेवा. सुरक्षेचा प्रश्न नसेल तिथे एखादं हलकं, नुसत्या अक्षरांचं पान ठेवा. ते न करता 'नवा घ्या' म्हणणं म्हणजे तुमच्या सोयीचं बिल आजोबांच्या पेन्शनमधून वसूल करणं. आमच्या भाषेत याला चुकीच्या खात्यावर खर्च टाकणं म्हणतात.

नेटवर्क म्हणजे जोडणी. जे जोडत नाही, नुसतं नवं घ्यायला लावतं, त्याला नेटवर्क म्हणू नये. त्याला दुकान म्हणावं.