इंद्रधनुष्याच्या टोकाशी एक मैदान

ऑस्ट्रेलिया म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर क्रिकेट येतं. ब्रॅडमन, चॅपेल बंधू, शेन वॉर्न ही नावं आपल्या घराघरांत ठाऊक. पण खुद्द ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात हिवाळा लागला की क्रिकेटचं नावही कुणी काढत नाही. ज्या मेलबर्नच्या मैदानावर आपला संघ नाताळच्या दुसऱ्या दिवशी कसोटी खेळायला उतरतो, त्याच मैदानावर सप्टेंबरमध्ये फुटबॉलच्या अंतिम सामन्याला लाखभर माणूस लोटतो.

हा फुटबॉल मात्र आपल्या ओळखीचा नव्हे. त्याचे नियम १८५९ साली मेलबर्नमध्ये लिहिले गेले. क्रिकेटपटूंचं अंग हिवाळ्यात जड होऊ नये, हा मूळ हेतू. मैदान क्रिकेटचंच, लंबगोल. चेंडूही लंबगोल. एका बाजूला अठरा खेळाडू. चेंडू पायानं मारायचा, हवेत उडी घेऊन झेलायचा, हातात घेऊन पळायचंही, पण हातानं फेकायचा नाही. जवळच्या गड्याला द्यायचा तर मुठीनं ठोसून द्यायचा. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू पायानं मारून पार केला तर सहा गुण, कडेच्या खांबांतून गेला तर एक.

मेलबर्नबाहेरच्या लहान गावांत हा नुसता खेळ नसतो. आपल्याकडे गावाची तालीम असते तसा तिथं गावाचा फुटबॉल क्लब. शनिवारी सारं गाव मैदानावर. पुरुष फुटबॉल खेळतात, शेजारच्या कोर्टवर बायका-मुली नेटबॉल खेळतात, म्हातारी माणसं कडेला गाडी लावून बसतात, पोरं मधल्या सुट्टीत मैदानभर हुंदडतात. कुणाचं लग्न ठरलं, कुणाची नोकरी गेली, कुणाच्या बागेला कीड लागली, सगळ्या बातम्या इथंच कळतात. म्हणूनच अशा गावात ज्याला क्लब नाही, तो गावात राहूनही गावाबाहेरचा.

ही गोष्ट गावाबाहेर राहिलेल्या अशाच लोकांची आहे. त्यांच्या क्लबचं नाव रुंबलारा.

भारतीय वंशाचा मास्तर

मेलबर्नच्या उत्तरेला सुमारे १८० किलोमीटरवर शेपर्टन हे गाव. गोलबर्न नदीचं सुपीक खोरं. नास्पती, पीच, जर्दाळूच्या बागा आणि फळं डबाबंद करणारे कारखाने. मूळची ही भूमी योर्टा योर्टा या आदिवासी लोकांची. गोऱ्या वसाहतवाल्यांनी मेंढ्या चारण्यासाठी ती घेतली आणि मूळ मालक मिशनच्या आश्रयाला गेले. मरे नदीकाठचं मलोगा मिशन १८७४ सालचं. पुढं १८८८ मध्ये तिथली बहुतेक कुटुंबं जवळच्याच कमेरागंजा या सरकारी वसाहतीत आली. कमेरागंजा या नावाचा अर्थच ‘आमचं घर’.

इथल्या शाळेतला मास्तर कोण होता, हे वाचून आपल्याला नवल वाटेल. थॉमस शॅड्रॅक जेम्स हा मॉरिशसमध्ये जन्मलेला, भारतीय वंशाचा माणूस. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो मलोगाला आला, इथल्याच कुटुंबातल्या मुलीशी त्यानं लग्न केलं आणि जवळजवळ चाळीस वर्षं आदिवासी मुलांना शिकवलं. सरकारला या मुलांनी जेमतेम अक्षरओळख करून घ्यावी आणि गोऱ्यांच्या घरी, शेतावर चाकरी करावी, एवढंच हवं होतं. जेम्स मास्तरांनी त्यांना वाचायला, अर्ज लिहायला आणि चार माणसांत उभं राहून बोलायला शिकवलं. पुढं आदिवासींच्या हक्कांसाठी लढणारी जी पिढी उभी राहिली, तिच्यातली कितीतरी माणसं या एका खोलीतून गेलेली. त्यांतल्या विल्यम कूपर यांनी तर उतारवयात आपल्या लोकांना संसदेत प्रतिनिधी मिळावा म्हणून १८१४ सह्यांचा अर्ज थेट इंग्लंडच्या राजाच्या नावे केला. ऑस्ट्रेलियाच्या सरकारनं तो पुढं धाडलाच नाही, ही गोष्ट वेगळी.

कमेरागंजाची दुसरी ओळख म्हणजे तिथले खेळाडू. विल्यम कूपर यांचा मुलगा लिंच कूपर यानं १९२८ साली स्टॉवेल गिफ्ट ही देशातली सर्वांत मानाची धावण्याची शर्यत जिंकली. आणि फुटबॉलचा संघ? १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यानं आसपासच्या गावांच्या लीगमध्ये अजिंक्यपदांचा सपाटा लावला. शिधा मोजून मिळणारी, गावात जायलाही परवानगी मागावी लागणारी ही मंडळी शनिवारी दोन तास कुणाचीच ताबेदार नसत. मग इतर क्लबांना हे जड जाऊ लागलं. कमेरागंजाच्या संघात पंचविशीच्या वरचा खेळाडू नको अशी अट घातली गेली, असं तिथली जुनी माणसं सांगत आली आहेत. मैदानावर हरवता येईना, तेव्हा कागदावर हरवलं!

हात लावायला नकार

याच वसाहतीत १९०६ साली जन्मलेला डग निकोल्स. उंची जेमतेम पाच फूट दोन इंच, पण पाय विजेसारखे. आठ वर्षांचा असताना पोलिसांनी त्याच्या सोळा वर्षांच्या बहिणीला घरातून उचलून नेलं. मोलकरणीचं काम शिकवणाऱ्या सरकारी वसतिगृहात तिची रवानगी झाली. त्या काळी हे कायद्यानंच चालत असे.

१९२७ साली डग मेलबर्नच्या कार्लटन या बड्या क्लबकडे गेला. तिथं मालीश करणाऱ्यांनी त्याच्या अंगाला हात लावायला नकार दिला. हात लावायला नकार म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको. डग तिथून निघाला आणि नॉर्थकोटकडून खेळू लागला. १९२९ चं अजिंक्यपद जिंकणाऱ्या संघात तो होता. १९३२ साली फिट्झरॉय या पहिल्या श्रेणीच्या क्लबनं त्याला घेतलं. तिथंही पहिल्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत तो एका कोपऱ्यात एकटाच बसून होता. तेव्हा त्या काळचा सर्वांत मोठा खेळाडू हेडन बंटन उठला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसला. एवढंच. पण त्या दिवसापासून खोलीतली हवा बदलली. १९३५ मध्ये डग व्हिक्टोरिया राज्याच्या संघात निवडला गेला.

पुढं डग पाद्री झाला, आपल्या लोकांचा पुढारी झाला. १९७२ साली त्याला ‘सर’ किताब मिळाला आणि १९७६ साली तो दक्षिण ऑस्ट्रेलियाचा राज्यपाल झाला. ज्याच्या अंगाला हात लावायला लोक तयार नव्हते, त्याला आता सारे वाकून नमस्कार करू लागले. १९८८ साली त्याचं निधन झालं आणि दफन कमेरागंजाच्या मातीतच झालं.

ही कथा ऐकायला गोड आहे. पण तिच्यात एक मेख आहे. एकटा गुणी खेळाडू गोऱ्या क्लबला चालत होता, कारण तो सामने जिंकून देत होता. चालत नव्हता तो त्याच्या लोकांचा स्वतःचा संघ.

नदीपलीकडे

तिकडं कमेरागंजाची अवस्था बिघडत चालली होती. काही कुटुंबांनी जंगल तोडून शेतं केली होती, ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच सरकारनं काढून घेतली. १९३० च्या दशकात शिधा अपुरा, आजारपण घरोघर आणि वर व्यवस्थापकाची मनमानी. अखेर ४ फेब्रुवारी १९३९ रोजी लोकांनी बोचकी बांधली. दीडशे-दोनशे माणसं, म्हातारी-कोतारी आणि लेकुरवाळ्यांसह मरे नदी ओलांडून व्हिक्टोरियाच्या हद्दीत गेली. परवानगीशिवाय वसाहत सोडणं हा गुन्हा होता. तो त्यांनी उघडपणे केला. कित्येक जण परत फिरलेच नाहीत.

त्यांतली बरीच कुटुंबं शेपर्टन आणि मुरुपना या जुळ्या गावांच्या मधल्या पूररेषेतल्या जमिनीवर राहू लागली. या जागेला नाव पडलं ‘फ्लॅट्स’. आपल्या मुंबईतला फ्लॅट नव्हे बरं का! पत्रे, गोणपाट आणि गावच्या कचऱ्यातून वेचून आणलेल्या सामानाच्या झोपड्या. नदीला पूर आला की सामान उचलायचं, ओसरला की पुन्हा मांडायचं. दिवसा बागांत फळं तोडायची, कारखान्यात राबायचं. १९५४ साली राणी एलिझाबेथ शेपर्टनला आल्या, तेव्हा त्यांच्या नजरेला ही वस्ती पडू नये म्हणून रस्त्याच्या कडेला गोणपाटाचे पडदे उभारले गेले, ही आठवण इथल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

१९५८ मध्ये सरकारनं मुरुपनाजवळ सिमेंटची दहा छोटी घरं बांधून दिली. वस्तीचं नाव रुंबलारा, म्हणजे इंद्रधनुष्याचं टोक. घरं दहा आणि कुटुंबं किती! घरं कसली, खुराडीच ती. पण नाव राहिलं. १९८० साली लोकांनी त्याच नावानं आपली सहकारी संस्था स्थापन केली आणि आरोग्य, घरं, मुलांची देखभाल ही कामं स्वतःच्या हातात घेतली.

आता उरलं होतं मैदान.

दार उघडलं

आपला क्लब हवा, ही मागणी जुनीच. पण गावच्या क्लबला एकट्यानं खेळता येत नाही. लीगनं सामावून घेतलं तरच सामने, आणि लीग म्हणजे शेजारपाजारचे क्लब. अर्ज जात होते आणि नकार येत होते. वेगळा आदिवासी क्लब कशाला, त्यानं गावात फूट पडेल, तुमच्या चांगल्या पोरांना आमच्या संघात जागा आहेच की, असा एकूण सूर. क्लबच्या उभारणीत पुढं असलेले आणि मग वर्षानुवर्षं त्याचं अध्यक्षपद सांभाळणारे पॉल ब्रिग्स आणि त्यांचे सहकारी मात्र चिकाटी सोडायला तयार नव्हते.

काळही थोडा बदलत होता. १९९३ साली निकी विनमार या आदिवासी खेळाडूनं शिवीगाळ करणाऱ्या प्रेक्षकांसमोर बनियन वर करून आपल्या काळ्या कातडीकडे बोट दाखवलं. ते छायाचित्र देशभर गाजलं. १९९५ मध्ये राष्ट्रीय लीगनं वांशिक शिवीगाळीविरुद्ध नियम केला. आणि १९९७ साली गोलबर्न खोऱ्यातल्या लीगनं रुंबलाराला दार उघडलं. पहिल्या काही वर्षांतच या संघानं अजिंक्यपद पटकावून कमेरागंजाचं रक्त अजून तेच आहे हे दाखवून दिलं.

याच सुमारास कोर्टात काय चाललं होतं, तेही पाहण्यासारखं आहे. आपल्या पूर्वजांच्या जमिनीवर आपला हक्क मान्य व्हावा म्हणून योर्टा योर्टा लोकांनी दावा लावला होता. डिसेंबर १९९८ मध्ये न्यायाधीशांनी तो फेटाळला. इतिहासाच्या लाटेत या लोकांचं जमिनीशी असलेलं परंपरागत नातं वाहून गेलं, असा निष्कर्ष निघाला. २००२ साली सर्वोच्च न्यायालयानंही तोच निकाल कायम केला. कोर्ट म्हणत होतं, तुमचा समाज म्हणून धागा तुटला. आणि दर शनिवारी आजी, नातू, सुना, भाचे मिळून सारा समाज एका मैदानाभोवती उभा असलेला दिसत होता!

शनिवारपुरतं नाही

क्लबनं पहिल्यापासून एक ओळखलं होतं. पोरगा किंवा पोरगी सरावाला येते, तेव्हा तिच्यामागून अख्खं घर येतं. मग निरोगी खाण्यापिण्याचे धडे, आरोग्याची तपासणी, शाळा सोडलेल्यांची समजूत हे सारं मैदानाच्या कडेलाच सुरू झालं. २००४ मध्ये मेलबर्न विद्यापीठाच्या साथीनं खेळ, आरोग्य आणि शिक्षण यांची अकादमी उभी राहिली. वर्गात यायला बिचकणारी मुलं खेळाच्या ओढीनं तिथं आली आणि शिकू लागली. जेम्स मास्तरांच्या शाळेचा आणि फुटबॉलच्या मैदानाचा जुना शेजार पुन्हा जमला. क्लबचे दरवाजे गोऱ्या खेळाडूंनाही मोकळे आहेत, हेही महत्त्वाचं. नेटबॉलमुळं मुली आणि बायका क्लबच्या निम्म्या मालकीण आहेत.

२००६ पासून क्लब मरे लीगमध्ये खेळू लागला. म्हणजे पूर्वज ज्या नदीकाठी खेळत, त्याच मुलखात.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. ॲडम गुड्ससारखा देशाचा सन्मान मिळवलेला आदिवासी खेळाडूही प्रेक्षकांच्या हुर्योला कंटाळून २०१५ मध्ये मैदानाबाहेर गेला. राष्ट्रीय लीगनं त्याची माफी मागितली ती २०१९ मध्ये. लहान गावांच्या मैदानांवर कानावर पडणाऱ्या शब्दांची तर वर्तमानपत्रांत बातमीही होत नाही.

पण दुसरी बाजूही आहे. २०१६ पासून राष्ट्रीय लीगच्या आदिवासी खेळाडूंच्या गौरवाच्या फेरीला डग निकोल्सचं नाव आहे. ज्या कार्लटननं त्याला परत पाठवलं, त्याचे खेळाडूही त्या फेरीत आदिवासी चित्रकलेनं सजलेले गणवेश घालून उतरतात.

मोठ्यांच्या मैदानावर मिळालेला हा मान. रुंबलारानं मिळवलं ते वेगळं आणि कदाचित जास्त टिकाऊ आहे. पाहुणा म्हणून चार टाळ्या घेणं निराळं आणि यजमान म्हणून चहा पाजणं निराळं. शेजारच्या गावांचे संघ रुंबलाराच्या मैदानावर खेळायला येतात, जिंकतात, हरतात, चहा पितात आणि घरी जातात. एखाद्या गावाचा माणूस असणं म्हणजे याहून वेगळं ते काय असतं?